हिशेबतपासणीचे नियोजन : लक्षणीयता व विश्लेषणात्मक पडताळणी

एखाद्या संस्थेने वर्षअखेर तयार केलेला ताळेबंद व नफा-तोटा पत्रक ही तिच्या आर्थिक स्थितीचे खरे व रास्त चित्र दाखवितात किंवा कसे, यासंबंधी त्रयस्थ व पात्र व्यक्तीने पुराव्यानिशी मत देणे म्हणजे हिशेबतपासणी होय. मोठ्या उद्योगसंस्थेच्या एका वर्षाच्या नोंदी लक्षावधी असतात. त्या सर्व तपासणे वेळ व खर्च या दोन्ही दृष्टींनी अशक्य असते. म्हणून तपासणीस आरंभ करण्यापूर्वी हिशेबतपासनिसाला दोन प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. पहिला : किती रकमेची चूक राहिली, तर हिशेबांवर विसंबणाऱ्याची फसगत होईल? दुसरा : अशी चूक असलीच, तर ती कोठे असण्याचा संभव अधिक? पहिल्या प्रश्नाच्या उत्तरास ‘लक्षणीयता’ (मटिरिअ‍ॅलिटी) असे म्हणतात. दुसऱ्याचे उत्तर शोधण्यासाठी आकड्यांचे परस्परसंबंध तपासण्याच्या ज्या रीती वापरतात, त्यांना ‘विश्लेषणात्मक पडताळणी’ ही संज्ञा आहे. या दोन्ही संकल्पनांना व्यवसायाच्या नियमांत स्थान मिळाले ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. तथापि त्यांची निकड त्यापूर्वी शंभर वर्षे भासू लागली होती.

पूर्वपीठिका : हिशेबतपासणी या अर्थाचा ‘ऑडिट’ हा शब्द ‘ऐकणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूपासून आला आहे. मध्ययुगीन इंग्लंडात जमीनदाराचा कारभारी वर्षाचा जमाखर्च वाचून दाखवी व नेमलेली व्यक्ती तो ऐकून मान्य करी. धनी आणि कारभारी एकमेकांस ओळखत असत आणि व्यवहार मोजके असत. त्यामुळे प्रत्येक रक्कम ऐकणे शक्य होते. संयुक्त भांडवली कंपन्यांच्या उदयानंतर ही परिस्थिती पालटली. पैसे गुंतविणारे हजारो भागधारक दूरदूर विखुरलेले आणि कारभार मूठभर संचालकांच्या हाती, अशी विभागणी झाली. ब्रिटनमधील १८४४ च्या कायद्याने कंपन्यांच्या हिशेबांची तपासणी आवश्यक ठरविली. परंतु तपासनीस बहुधा भागधारकांपैकीच एखादा असे व त्यास हिशेबशास्त्राचे ज्ञान असेच असे नाही. १८५६ च्या कायद्याने ही सक्तीही काढून टाकली. ऑक्टोबर १८७८ मध्ये सिटी ऑफ ग्लासगो बँक बुडाली. तिचे ताळेबंद खोटे होते आणि भागधारकांची जबाबदारी अमर्यादित असल्याने बँकेची देणी भागविताना शेकडो कुटुंबे नागवली गेली. पुढील वर्षीच्या कायद्याने मर्यादित जबाबदारीच्या बँकांना हिशेबतपासणी सक्तीची केली व १९०० मध्ये ती सर्व नोंदणीकृत कंपन्यांस लागू झाली.

सक्तीबरोबर तपासणीच्या मर्यादेचा प्रश्न पुढे आला. लॉरेन्स डिक्सी यांच्या १८९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हिशेबतपासणीवरील ग्रंथात अपहार, तांत्रिक चुका व तत्त्वाच्या चुका शोधणे ही या कामाची उद्दिष्टे मानली होती. ती गाठण्यासाठी मोठ्या कंपनीची प्रत्येक नोंद पाहणे मात्र तेव्हाही परवडत नव्हते. काही महिन्यांच्या नोंदी निवडून पाहण्याची प्रथा त्यामुळे रूढ होत गेली. कोणत्या नोंदी निवडाव्यात, यास मात्र सवयीपलीकडे आधार नव्हता.

किंग्स्टन कॉटन मिल खटला (१८९६) : या सवयीची परीक्षा इंग्लंडातील एका कापड-उद्योगाच्या खटल्यात झाली. किंग्स्टन कॉटन मिल कंपनीच्या व्यवस्थापकाने कंपनी भरभराटीत आहे असे भासविण्यासाठी कापूस व सूत यांचा शिल्लक साठा अनेक वर्षे फुगवून दाखविला. प्रत्यक्षात नसलेल्या नफ्यातून लाभांश वाटला गेला. हिशेबतपासनिसांनी साठ्याचा आकडा व्यवस्थापकाच्या दाखल्यावरून जसाच्या तसा स्वीकारला होता. अपील न्यायालयाने त्यांस दोषमुक्त केले. संशयास कारण नसताना कंपनीच्या विश्वासू अधिकाऱ्यावर विसंबणे म्हणजे निष्काळजीपणा नव्हे, असा निर्णय झाला. हिशेबतपासनीस हा राखण करणारा कुत्रा आहे, माग काढणारा नव्हे, ही उपमा याच निकालातून प्रचारात आली.

या खटल्यातील दुसरा मुद्दा तुलनेने कमी प्रसिद्ध आहे, पण प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने तोच अधिक महत्त्वाचा आहे. वर्षारंभीच्या साठ्यात वर्षभराची खरेदी मिळवून त्यातून विक्री वजा केली असती, तर वर्षअखेरचा दाखविलेला साठा खुलासा मागण्याइतका विलक्षण असल्याचे हिशेबतपासनिसांच्या ध्यानात आले असते, असा युक्तिवाद त्यांच्याविरुद्ध करण्यात आला होता. उदाहरणार्थ, गिरणीत वर्षारंभी २,००० गाठी कापूस होता, वर्षात १०,००० गाठी घेतल्या आणि विकलेल्या सुतास घटीसह ११,००० गाठी लागल्या असे समजू. असे असता वर्षअखेर सु. १,००० गाठींहून अधिक शिल्लक राहू शकत नाही. दाखल्यात ३,००० गाठी असतील, तर गोदामात पाऊल न टाकताही आकडा खोटा असल्याचा संशय घेता येतो. हा सर्व हिशेब कंपनीच्या वह्यांतच उपलब्ध होता. तो करणे हे हिशेबतपासनिसाचे कर्तव्य आहे, असे १८९६ मध्ये मानले गेले नाही, एवढेच. आज ज्यास विश्लेषणात्मक पडताळणी म्हणतात, तिचे हे जुने आणि स्वच्छ उदाहरण होय.

मॅकेसन अँड रॉबिन्स प्रकरण : अमेरिकेत १९३८ च्या डिसेंबरमध्ये औषधांचा व्यापार करणाऱ्या या कंपनीतील प्रचंड बनाव उघडकीस आला. तिचा अध्यक्ष एफ्. डॉनल्ड कॉस्टर हा वस्तुतः फिलिप म्युझिका नावाचा पूर्वी शिक्षा भोगलेला इसम होता. कंपनीने दाखविलेल्या सु. ८.७ कोटी डॉलरांच्या मालमत्तेपैकी सु. १.९ कोटी डॉलर काल्पनिक होते. त्यात अस्तित्वात नसलेला माल व न झालेल्या विक्रीपोटीची येणी यांचा समावेश होता. बनावट बिले, पावत्या आणि पत्रे इतकी व्यवस्थित होती की, कागदास कागद जुळत गेला. हिशेबतपासनिसांनी गोदामे पाहिली नव्हती व ऋणकोंकडे चौकशीही केली नव्हती. कारण तत्कालीन प्रथेनुसार ते आवश्यक नव्हते. १९३९ मध्ये अमेरिकन हिशेबनिसांच्या संस्थेने साठ्याच्या मोजणीस प्रत्यक्ष हजर राहणे व येण्यांची ऋणकोंकडून खातरजमा करून घेणे हे तपासणीचे सर्वसाधारण भाग ठरविले. वह्यांतील आकड्यास वह्यांबाहेरचा आधार हवा, हे तत्त्व या प्रकरणाने प्रस्थापित केले.

लक्षणीयतेचा विकास : ‘लक्षणीय’ या विशेषणास कायद्याचे वजन प्राप्त झाले ते मुख्यतः अमेरिकेच्या १९३३ व १९३४ च्या रोखेविषयक कायद्यांमुळे. रोखे विकताना लक्षणीय बाबतीत असत्य विधान करणे किंवा लक्षणीय बाब लपविणे दंडनीय झाले. मात्र कोणती बाब लक्षणीय, हे न्यायालयांना प्रत्येक प्रकरणी ठरवावे लागे. १९६८ च्या बारक्रिस खटल्याचा निकाल या संदर्भात उद्‌बोधक आहे. बोलिंग या खेळाची केंद्रे बांधणाऱ्या या कंपनीने १९६१ मध्ये कर्जरोखे विकले व १९६२ मध्ये ती दिवाळखोरीत गेली. तिच्या हिशेबांत १९६० सालची दर भागामागे मिळकत ७५ सेंट दाखविली होती, ती वस्तुतः ६५ सेंट होती. मागील वर्षी ती ३३ सेंट होती. न्यायाधीशांच्या मते मिळकत दुपटीपेक्षा थोडी अधिक वाढली काय किंवा सु. दुप्पट झाली काय, अशा धाडसी कंपनीत पैसे गुंतविणाऱ्याचा निर्णय त्यामुळे बदलला नसता. ही चूक म्हणून लक्षणीय ठरली नाही. उलट चालू मालमत्ता व चालू देणी यांचे प्रमाण १.९ दाखविले होते व ते प्रत्यक्षात १.६ होते, ही चूक मात्र लक्षणीय ठरली, कारण कर्ज देणाऱ्याची दृष्टी प्रथम कंपनीच्या देणी भागविण्याच्या कुवतीकडे असते. चुकीचे मोजमाप तिच्या आकारावरून करावयाचे नसून, ती वाचणाऱ्याच्या गरजेवरून करावयाचे असते, हा या निकालाचा इत्यर्थ होय.

हाच विचार अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये टीएससी इंडस्ट्रीज खटल्यात अधिक नेमकेपणाने मांडला. समंजस भागधारकास एखादी बाब निर्णय घेताना महत्त्वाची वाटण्याचा पुरेसा संभव असेल, तर ती लक्षणीय समजावी, असे सूत्र त्याने दिले. १९८३ मध्ये अमेरिकन व्यावसायिक संस्थेने लक्षणीयता व तपासणीतील जोखीम यांचा विचार नियोजनाच्या टप्प्यावरच करण्याविषयी स्वतंत्र मानक काढले. दरम्यान व्यवहारात टक्केवारीचे ठोकताळे रूढ झाले होते. करपूर्व नफ्याच्या ५ टक्के किंवा एकूण विक्रीच्या अर्धा ते एक टक्का ही त्यांपैकी सर्वांत परिचित होत. सोय म्हणून आलेला ठोकताळा हळूहळू ढाल बनू लागला. पाच टक्क्यांच्या आत राहील अशा बेताने जाणूनबुजून आकडे फिरविण्याचे प्रकार दिसू लागले. ऑगस्ट १९९९ मध्ये अमेरिकेच्या रोखे व विनिमय आयोगाने केवळ टक्केवारीवर विसंबून चूक क्षुल्लक मानता येणार नाही, असे परिपत्रक काढले. लहान चुकीमुळे तोट्याचा नफा होत असेल, कर्जाची अट पाळल्याचे भासत असेल, व्यवस्थापकांचा मेहनताना वाढत असेल अथवा बेकायदा व्यवहार झाकला जात असेल, तर ती लक्षणीय असू शकते, हे त्यात स्पष्ट केले आहे.

नियोजनातील उपयोग : लक्षणीयता ठरविताना हिशेबतपासनीस प्रथम एक आधाररक्कम निवडतो. नफा कमाविणाऱ्या कंपनीत करपूर्व नफा, धर्मादाय संस्थेत एकूण खर्च व गुंतवणूक-निधीत मालमत्ता ही सामान्यतः सोयीची ठरते. समजा, एका कंपनीचा करपूर्व नफा २० कोटी रु. असून त्याच्या ५ टक्के म्हणजे १ कोटी रु. ही एकूण लक्षणीयता ठरली. प्रत्यक्ष तपासणी करताना मात्र याहून खालची, उदाहरणार्थ ७५ लाख रुपयांची, कार्यमर्यादा धरतात; कारण एकेक लहान चूक मिळून बेरीज १ कोटीच्या वर जाऊ शकते आणि काही चुका सापडतही नाहीत. यांखेरीज अगदी किरकोळ चुकांची नोंद कोठवर ठेवावयाची, तीही मर्यादा ठरविली जाते. मर्यादा जितकी खाली, तितके काम अधिक. जेथे अंतर्गत नियंत्रण ढिले किंवा पूर्वीच्या वर्षी पुष्कळ चुका आढळलेल्या असतील, तेथे कार्यमर्यादा खाली आणणे शहाणपणाचे असते. तपासणी चालू असता नफ्याचा अंदाज चुकीचा ठरला, तर या मर्यादा पुन्हा ठरवाव्या लागतात.

विश्लेषणात्मक पडताळणीचे स्वरूप : मर्यादा ठरल्यावर शोध कोठे घ्यावयाचा, हे पाहावे लागते. विश्लेषणात्मक पडताळणीच्या चार पायऱ्या सांगता येतात : आकडा किती असावयास हवा याची स्वतंत्र अपेक्षा बांधणे, अपेक्षा व नोंद यांत किती फरक चालेल, ते अगोदर ठरविणे, दोहोंची तुलना करणे, आणि त्याहून मोठ्या फरकाचा खुलासा मागून तो पुराव्याने पारखणे. ज्या संस्थेत सरासरी ५०० कामगार दरमहा सरासरी २०,००० रु. वेतन घेतात, तिचे वार्षिक वेतन सु. १२ कोटी रु. असले पाहिजे, वह्यांत १४ कोटी रु. असतील, तर पगारपत्रकात भरताड नावे असण्याची शंका येते. बँकेतील ठेवींची सरासरी व व्याजाचा दर यांवरून व्याजाची प्राप्ती, वापरलेल्या विजेवरून उत्पादन आणि वसतिगृहातील विद्यार्थिसंख्येवरून शुल्काची जमा अशाच रीतीने पडताळता येते.

अमेरिकन मानकांत या पद्धतीस १९७८ मध्ये स्वतंत्र स्थान मिळाले. १९८८ च्या मानकाने ती नियोजनाच्या वेळी व तपासणीच्या अखेरीस एकूण आढाव्यासाठी अशी दोनदा अवलंबिणे आवश्यक केले. आंतरराष्ट्रीय मानकांतही लक्षणीयता (क्रमांक ३२०) व विश्लेषणात्मक पडताळणी (क्रमांक ५२०) यांविषयी स्वतंत्र मानके आहेत.

चौथी पायरी ही या पद्धतीतील सर्वांत दुर्बल जागा होय. बारक्रिस खटल्यातही हे दिसले होते. वर्षअखेरीनंतरच्या महिन्यांतील कंपनीची स्थिती पाहण्यासाठी पाठविलेल्या कर्मचाऱ्याने सु. वीस तास काम केले, अधिकाऱ्यांना प्रश्न विचारले आणि उत्तरे समाधानकारक वाटताच ती पडताळून न पाहता तो थांबला. न्यायालयाने त्याचे काम अपुरे ठरविले. खुलासा सयुक्तिक असणे आणि तो खरा असणे या भिन्न गोष्टी आहेत.

वर्ल्डकॉम प्रकरण (२००२) : पडताळणीची अपेक्षाच संस्थेच्या हाती गेल्यास काय होते, हे वर्ल्डकॉम या अमेरिकन दूरसंचार कंपनीच्या उदाहरणावरून कळते. इतर कंपन्यांच्या तारा वापरण्यापोटी द्यावयाची रक्कम हा तिचा सर्वांत मोठा खर्च होता. हा खर्च उत्पन्नाच्या सु. ४२ टक्के असावा, असा बाजाराचा समज होता. २००१ पासून उत्पन्न अपेक्षेप्रमाणे वाढेना व खर्चाचे प्रमाण चढू लागले. तेव्हा त्यातील अब्जावधी डॉलर यंत्रसामग्रीवरील भांडवली खर्च म्हणून वर्ग करण्यात आले व प्रमाण ४२ टक्क्यांच्या आसपास स्थिर राखले गेले. जून २००२ मध्ये जाहीर झालेली ही रक्कम सु. ३.८ अब्ज डॉलर होती. बाहेरील हिशेबतपासनीस वर्षानुवर्षाच्या प्रमाणांची तुलना करीत होते. प्रमाण बदललेले नाही म्हणून त्यांस शंका आली नाही. ज्या काळात सर्व दूरसंचार व्यवसाय अडचणीत होता, त्या काळात एका कंपनीचे प्रमाण जराही हलू नये, हीच खरी विचारण्याजोगी गोष्ट होती. शेवटी कंपनीच्याच अंतर्गत हिशेबतपासणी विभागाने भांडवली खर्चाच्या नोंदी उघडल्या, तेव्हा त्यांस आधारपत्रे नसल्याचे उघड झाले. जुलै २००२ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. हजारो कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या व बचती त्यात गेल्या.

भारतातील परिस्थिती : भारतात १९१३ च्या कंपनी कायद्याने हिशेबतपासनिसाच्या पात्रतेविषयी तरतुदी केल्या. मुंबई सरकारने १९१८ मध्ये हिशेबशास्त्राची पदविका सुरू करून या व्यवसायास शिक्षणाची चौकट दिली. स्वातंत्र्यानंतर १ जुलै १९४९ रोजी इन्स्टिट्यूट ऑफ चार्टर्ड अकाउंटंट्स ऑफ इंडिया ही संस्था कायद्याने स्थापन झाली. १९५६ च्या कंपनी कायद्याच्या सहाव्या परिशिष्टान्वये कारखानदारी कंपन्यांना आरंभीचा व अखेरचा साठा, खरेदी व विक्री यांची परिमाणेही दाखवावी लागत. किंग्स्टन गिरणीच्या हिशेबात जी तुलना कोणी केली नाही, ती करण्याची सोय यामुळे प्रत्येक भागधारकास झाली होती. २०११ मध्ये सुधारलेल्या परिशिष्टात परिमाणांचा हा तपशील वगळण्यात आला. लक्षणीयता व विश्लेषणात्मक पडताळणी यांवरील भारतीय मानके १९९० नंतरच्या दशकात लागू झाली व पुढे आंतरराष्ट्रीय मानकांशी जुळतील अशी सुधारली गेली.

७ जानेवारी २००९ रोजी हैदराबाद येथील सत्यम कॉम्प्युटर सर्व्हिसेस या कंपनीचे अध्यक्ष बी. रामलिंग राजू यांनी संचालक मंडळास लिहिलेल्या पत्रात हिशेब फुगविल्याची कबुली दिली. ३० सप्टेंबर २००८ च्या ताळेबंदातील रोख व बँकशिल्लक ५,३६१ कोटी रु. होती. त्यांपैकी ५,०४० कोटी रु. अस्तित्वातच नव्हते, असे पत्रात म्हटले होते. त्या तिमाहीचा कार्यकारी नफा उत्पन्नाच्या २४ टक्के दाखविला होता व तो वस्तुतः ३ टक्के होता. दाखविलेले प्रमाण त्या व्यवसायातील इतर मोठ्या कंपन्यांशी विसंगत नव्हते. म्हणजे केवळ व्यवसायबंधूंशी तुलना करणाऱ्यास धोक्याची सूचना मिळाली नसती. बँकांकडून परस्पर व स्वतंत्रपणे खातरजमा करून घेणे, हाच यावर उपाय होता. या प्रकरणानंतर २०१३ चा नवा कंपनी कायदा आला व त्याखाली २०१८ मध्ये हिशेबतपासनिसांच्या कामावर देखरेख करणारे राष्ट्रीय वित्तीय अहवाल प्राधिकरण स्थापन झाले.

मूल्यमापन : सर्व नोंदी न पाहता मत देण्याची पाळी हिशेबतपासनिसावर येते, ती त्याच्या आळसामुळे नव्हे, तर कामाच्या विस्तारामुळे. संगणकाच्या साहाय्याने आज सगळ्या नोंदी चाळता येतात. तथापि खोटी नोंद ही खऱ्या नोंदीसारखीच दिसते, म्हणून मूळ प्रश्न कायम राहतो. लक्षणीयतेची मर्यादा हिशेबतपासनीस स्वतः आखतो, पण ती भागधारक, ठेवीदार आणि कामगार यांच्या वतीने आखीत असतो. ते त्या खोलीत हजर नसतात आणि त्यांस ती मर्यादा बहुधा कळतही नाही. विश्लेषणात्मक पडताळणीचे सामर्थ्यही अपेक्षेच्या स्वतंत्रतेवर अवलंबून असते. कापसाच्या गाठी, कामगारांची संख्या, बँकेचे पत्र आणि त्या वर्षीची व्यवसायाची खरी स्थिती यांवरून बांधलेली अपेक्षा खोट्या आकड्यास अडविते. संस्थेने पुरविलेल्या प्रमाणावरून बांधलेली अपेक्षा त्याच आकड्यास दुजोरा देते. १८९६ ते २००९ पर्यंतच्या प्रमुख प्रकरणांत चुकीच्या आकड्याच्या विरुद्ध जाणारी माहिती कोठे ना कोठे उपलब्ध होती. तिच्याशी आकडा ताडून पाहिला गेला नव्हता. हिशेबतपासणीच्या नियोजनाचे प्रयोजन ही ताडून पाहण्याची जागा अगोदर निश्चित करणे, हे होय.